पडद्यावरच्या समुद्राला दिलेला नारळ

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमचं गाव देवगडच्या खाली, किनाऱ्याला. तिथं म्हणे दर पिंपळावर कुणीतरी राहतं, पण मला आजवर कोणी भेटलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचो आणि हसायचो. आता तुम्ही हसा. फक्त कृपा करून कमेंटमध्ये "नारळाचं पाणी सांडलं असेल" असं लिहू नका. ते ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय.

मी आठवीत शाळा सोडली. बोटीवर जाऊन बघितलं, पण मला बोट लागते... मच्छीमाराच्या घरात जन्मून! मग एसीचं काम शिकलो आणि एका ठेकेदाराबरोबर फिरत फिरत छत्रपती संभाजीनगरला आलो. वाळूजच्या रस्त्याला एक खाजगी हवामान संशोधन केंद्र आहे, तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या मशीनरूमचा एसी मी सांभाळतो. ठेकेदार मध्येच पळाला तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमनी शब्द टाकून मला ठेवून घेतलं. इतक्या लांब माझं दुसरं कोणी नाही, त्यांचे उपकार विसरणार नाही.

मॅडम पैठणच्या. काम ढगांचं. समुद्रावर अगदी खाली ढगांची पातळ चादर पसरते, ती ऊन परत वर पाठवते आणि खालचं पाणी थंड राहतं. कॉम्प्युटरमध्ये पृथ्वीचे चौकोन पाडून हवामान चालवतात, त्याला मॉडेल म्हणतात, पण चौकोन मोठे आणि चादर पातळ, म्हणून ती अंदाजानं बसवावी लागते. आपल्याच अरबी समुद्रात, पार आफ्रिकेच्या बाजूला, पावसाळ्यात असे ढग खरोखर असतात. मॅडमच्या मॉडेलमध्ये मात्र तिथली दुपार झाली की गायब.

"लई लबाड हायेत हे, संतोषभाऊ," त्या वैतागून म्हणायच्या. "सकाळी असतात, दुपारी पसार. ढग गेले की माझा समुद्र तापतो, अन् समुद्र तापला की पुढचा सगळा पाऊस चुकतो."

त्यात तपासणीला बाहेरून लोक येणार होते. ढग टिकले नाहीत तर प्रकल्प बंद. प्रकल्प बंद तर मशीनरूम बंद, आणि मग मी तरी कशाला? जेवण गोड लागत नव्हतं.

अशात नारळी पौर्णिमा आली. सकाळीच आईचा फोन.

"दर्याक नारळ दिलंस काय रे?"

"गे आये, हंय दर्यो खंय आसा?"

"बघ खंय तरी. चुकवू नको, माजो जीव थाऱ्यार रवाचो नाय."

आमच्यात नारळ फोडत नाहीत, आख्खा समुद्राला देतात. हे नीट वाचा. आख्खा.

क्रांती चौकातून येताना नारळ घेतला. मशीनरूमच्या पुढच्या भागात मोठा पडदा आहे, त्यावर मॅडमचा अरबी समुद्र चालू असतो. संभाजीनगरात दुसरा समुद्र मला तरी माहीत नाही. नारळ पडद्याखालच्या टेबलावर ठेवला, हात जोडले, "ढग राहू दे, नोकरी राहू दे" म्हटलं आणि डबा खायला गेलो. दारावर वॉचमन सय्यदचाचा होतेच.

परत आलो तर मॅडम मशीनरूमच्या काचेबाहेर उभ्या. काच आतून धुक्यानं पांढरी. दार उघडलं — टेबल ओलं, फरशी ओली, आणि नारळ नाही!

"चाचा, आत कोण गेलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"कोई नै गया, मॅडम. मैं यहीच बैठा था, कसम से. नारियल कौन चुराएगा, चटनी बनाने कू?"

तेवढ्यात आमचे व्यवस्थापक देशमुख साहेब आले.

"मशीनपाशी नारळ फोडलास?"

"फोडला नाही, साहेब."

"मग करवंट्या कुठं टाकल्या?"

"फोडलाच नाही तर करवंट्या कुठून येतील?"

"म्हणजे खाल्लास!"

एसीची नळी बघितली, खालचा ट्रे बघितला, गळती कुठंच नाही. शेवटी फरशीवरच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट! एसीचं पाणी खारट नसतं, नारळाचंही नसतं. साहेबांना म्हटलं, चाखून बघा. म्हणाले, "मी काय तुझ्यासारखा येडा हाय व्हय?"

मॅडम यातलं काही ऐकतच नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. मॉडेलमधली दुपार टळून गेली होती, आणि आफ्रिकेपासून पसरलेली पांढरी चादर होती तशीच होती.

साहेबांना मला त्याच दिवशी काढायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "मशीन चालूच हाय ना? मग माणसाला कशाला बंद करता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच आकडे घालून तेच पुन्हा चालवलं. त्याच मशीनवर तेच घातलं की तेच यायला पाहिजे म्हणे, शेवटच्या आकड्यापर्यंत. आलं नाही. दुपारी ढग पसार. पुन्हा चालवलं, पुन्हा पसार. मशीन तपासून घेतलं, बिघाड काही नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला.

मी धीर करून म्हटलं, "मॅडम, तपासणीला तो एकच चांगला निकाल दाखवा ना."

"अन् पुन्हा करून दाखवा म्हणले तर? एकदाच आलेलं मी धरत नसते, संतोषभाऊ."

ढग अजून टिकत नाहीत, असं त्यांनी तपासणीवाल्यांना सरळ सांगून टाकलं. खरं बोलल्या म्हणून की काय, प्रकल्प बंद न होता पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत मिळाली. म्हणजे मलाही तेवढीच.

तो पावसाळा आता आलाय, आणि नारळी पौर्णिमाही तोंडावर आलीय. साहेबांनी दारावर कागद चिकटवलाय — 'आत नारळ आणू नये'. बाकीच्या ऑफिसात चपलांचं लिहितात, आमच्याकडे नारळाचं! येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि चाचा हसत माझ्याकडे बोट दाखवतात.

नारळ कुठं गेला, खारं पाणी कुठून आलं, ढग त्याच दिवशी का थांबले... मला माहीत नाही. मॅडमनाही नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "दिलंस तो पावलो, आनी काय व्हया?"

काल मॅडम एसी बघायचं निमित्त काढून आत आल्या. दार लोटून घेतलं.

"माझा विश्वास नाय बरं का असल्यावर," म्हणाल्या. मग पडद्याकडे वळल्या. "संतोषभाऊ... तुमच्यात नारळाची शेंडी ठेवतात का काढतात?"

"ठेवतात, मॅडम."