पहिल्या घावाचा मानकरी

इमारती पाडणाऱ्यांच्या त्या टोळीत एक रीत होती. नवीन कामावर गेलं की भंगार तोलायच्या काट्यावर आधी माणसं चढायची, आणि ज्याचं वजन सगळ्यात जास्त भरेल त्याने भिंतीवर पहिला घाव घालायचा. ती इमारत भुईसपाट होईपर्यंत मग मुकादमाच्या खालोखाल त्याचाच शब्द चालायचा. ही रीत कुणी काढली देव जाणे. पण त्या शहाण्याला जडपणा आणि ताकद यांतला फरक कळत नव्हता एवढं नक्की. अकरा वर्षं हा मान एकाच माणसाकडे होता. त्याला सगळे रणगाडा म्हणत.

लग्नाच्या वेळी रणगाडा पंच्याण्णव किलोचा होता आणि खरोखरच बघण्यासारखा होता. पाय फाकवून उभा राहायचा, घण डोक्यामागे न्यायचा, आणि तिसऱ्या घावाला भिंतीला भगदाड पडायचं. विटांचा चुरा तोंडावर उडाला की त्याला गुदगुल्या झाल्यासारखं हसू यायचं. पण टोळीत नवे धिप्पाड गडी येत राहिले, आणि मान हातचा जाईल या धसक्याने हा खात सुटला. सकाळी डझनभर अंडी, दुपारी मटणाचं अख्खं पातेलं, संध्याकाळी पुन्हा तेच. काटा एकशे एकवीसवर गेला. टोळी टाळ्या वाजवायची आणि हा फुशारायचा.

आतून मात्र सगळं बिनसत चाललं होतं. भिंत पडायला आता तीनाचे नऊ घाव लागत, आणि नवव्यानंतर तो लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकायचा. दाढी विरळ झाली, छाती बायकांसारखी लोंबायला लागली. घरी गेला की बायकोकडे पाठ करून घोरायचा. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. राग तेवढा भरपूर उरला होता. त्याने न्हाणीघराचं दार लाथेने फोडलं, पाण्याच्या नळावरून शेजाऱ्याचे दोन दात पाडले, आणि एका रविवारी, चहा गार झाला म्हणून, बायकोचं मनगट पिरगाळून मोडलं. कट्ट असा आवाज झाला, तो तिच्याआधी त्याला ऐकू आला.

बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. हात प्लास्टरमध्ये घालून घरी आली आणि त्याच्यासमोर बसली.

"एक वर्ष थांबते मी," ती म्हणाली. "मूल हवंय मला, आणि तुमच्यापासूनच हवंय. डॉक्टरीणबाईंशी बोलून आलेय. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला चला. पण यापुढे कुणावर हात उचललात तर मी त्या पावली निघून जाईन."

"कुणावर म्हणजे? तुझ्यावर ना?"

"कुणावर म्हणजे कुणावरही."

डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. रिपोर्ट त्यांनी त्याच्यापुढे सरकवला. "टेस्टोस्टेरॉन. पुरुषी हार्मोन. निदान तीनशे तरी हवं, तुमचं एकशे ऐंशी आहे."

"एवढा धिप्पाड माणूस मी!" तो उसळला. "माझं कमी कसं असेल?"

"धिप्पाड आहात म्हणूनच. पोटावरची चरबी नुसती बसून खात नाही. ती पुरुषी हार्मोनचं बायकी हार्मोन करून टाकते. हार्मोन कमी झालं की स्नायू जातात, चरबी आणखी वाढते, आणि आणखी चरबी आणखी हार्मोन खाते. वीस-पंचवीस किलो उतरवा. बहुतेक आकडा आपोआप वर येईल. आणि व्यायामशाळेतल्या कुणाकडून सुया टोचून घेऊ नका, नाहीतर शरीर आपलं काम बंद करेल आणि मूल राहील बाजूला."

"आणि हा राग? तो यामुळेच येतो ना?"

"चिडचिड होते यात, मरगळ येते. पण बायकोचं मनगट हार्मोनने नाही मोडलं, तुम्ही मोडलंत."

त्याने त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. आकडा वर आला की राग खाली जाणार, असा हिशेब त्याने मनाशी पक्का केला, आणि खरं सांगायचं तर बायकोनेही तसाच केला होता.

मग मात्र गडी हट्टाला पेटला. अंडी डझनावरून तीनवर आली, पातेल्याची वाटी झाली. कामावर तो पायी जायला लागला. दहा महिन्यांत चोवीस किलो उतरले. दुपारची झोप गेली, दंड भरले, आणि एका पहाटे तो आपणहून बायकोकडे वळला. ती आनंदाने रडली. दहा महिन्यांत त्याने कुणाला बोटही लावलं नव्हतं.

घोडं अडलं ते काट्यापाशी. बायकोचा धाकटा भाऊ याच टोळीत होता. जिभेने तिखट, आणि पहिल्या घावावर डोळा ठेवून खाऊन खाऊन एकशे चारवर पोचलेला. सत्त्याण्णव किलोच्या रणगाड्याला तो सहज मागे टाकणार होता. अकरा वर्षांचा मान मेहुण्याच्या हाती द्यायचा, या नुसत्या विचाराने रणगाड्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जुन्या घरांतून निघालेले शिशाचे पाईप त्याने ठोकून चपटे केले, जाड किंतानाच्या पट्ट्यात शिवले आणि दहा किलोचा तो पट्टा सदऱ्याखाली पोटाला बांधला. पोटही पहिल्यासारखं दिसायला लागलं. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर पाडायचं होतं. काट्यावर मेहुणा एकशे चार भरला, रणगाडा एकशे सात.

"दाजी, गालफडं बसली तुमची," मेहुणा म्हणाला. "सगळं वजन पोटातच राहिलं काय?"

"तुला काट्याचा आकडा वाचता येतो ना? मग हो बाजूला."

त्याने घण उचलला. पहिला घाव, दुसरा घाव, आणि तिसऱ्याला पडद्यामागची भिंत कोसळली. किती वर्षांनी! खुर्च्यांवर धुळीचा लोट गेला, गडी ओरडले, मुकादमाने पाठ थोपटली. ही ताकद शिशाची नव्हती, त्याची स्वतःची होती. त्याच क्षणी त्याने पट्टा काढून फेकला असता तरी कुणाची हसायची छाती झाली नसती. ते त्याला सुचलं नाही.

मेहुण्याला मात्र ते कौतुक झोंबलं. "भिंती पाडायला एवढा जोर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग माझ्या बहिणीची कूस रिकामी कशी हो, दाजी?"

रणगाड्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मेहुण्याचा ओठ फाटला. त्याने रक्त थुंकलं आणि सगळा जोर एकवटून रणगाड्याच्या पोटात बुक्की घातली. बुक्की शिशावर बसली. बोटांची हाडं काडीसारखी मोडली आणि मेहुणा किंचाळत गुडघ्यावर आला. पडता पडता त्याने सदरा धरला, सदरा फाटला, पट्टा सुटला, आणि शिशाचे तुकडे धपाधप फरशीवर पसरले.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग हसू फुटलं. मुकादमसुद्धा पोट धरून हसला. मोडलेला हात काखेत दाबून मेहुणाही हसला, रक्ताळलेल्या दातांनी. "बघा रे, आमच्या दाजींना पुरुष व्हायला पाईप लागतात!"

रणगाड्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. त्याने घण उचलला आणि मेहुण्याच्या पायावर घातला. एकदा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा चौघांनी त्याला आडवा पाडला आणि मुकादमाने फावड्याच्या पात्याने त्याच्या कानशिलावर मारलं. थिएटरात तेव्हा फक्त मेहुण्याचं ओरडणं उरलं होतं.

मेहुण्याचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. त्याने पोलिसांना भिंत अंगावर पडल्याचं सांगितलं. बहिणीचा संसार आहे, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रणगाडा इस्पितळाच्या बाकावर डोकं धरून बसला होता. बायको आली. तिच्या हातात एक कागद होता. आठवड्यापूर्वी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला होता.

"तो तुझ्या कुशीवरून बोलला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "चारचौघांत बोलला."

"चारशे बारा," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सगळं ठीक आहे. मूल व्हायला हरकत नाही."

त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि ती बघून तिला जास्तच भडभडून आलं.

"मग?" त्याने विचारलं.

"सहा वर्षं मी मनाला सांगत होते, काहीतरी कमी आहे म्हणून हे असे वागतात. आता काही कमी नाही. तरी तुम्ही असेच आहात."

तिने कागद त्याच्या मांडीवर ठेवला आणि भावाच्या खाटेपाशी जाऊन बसली.