वीरगळावरचा शेंदूर

संशय घ्यायची खोड मला लहानपणापासूनची. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणीच सुटलं नाही. हिंजवडीत राहायला आल्यावर रविवारी आसपासची जुनी देवळं, बारवा, समाध्या बघत एकटीच हिंडायचा नाद लागला, तेव्हाही ती खोड बरोबर होतीच.

नेरे गावाच्या पुढे एका माळावर मला वीरगळ सापडला तो भाद्रपदात. कमरेएवढ्या गवतात उभा, लढताना मेलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा दगड. खाली गाई, त्यांच्यासाठी लढणारा घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य. घोड्याचा उचललेला पाय इतका नेमका कोरलेला की मी तिथेच बसून डबा खाल्ला. पुढचे रविवार त्याचेच झाले.

दिवाळीनंतर गेले तर गवत पिवळं पडलेलं आणि दगड शेंदरानं लडबडलेला. घोडा नाही, गाई नाहीत. समोर लिंबू, नारळ. शेजारी मेंढ्या राखत एक म्हातारी बसली होती. माळभर मोजणीचे चुना फासलेले दगड नवे दिसत होते. म्हणजे जमीन विकली जात होती.

"मावशी, हे कुणी केलं?"

"म्या."

"गेल्या महिन्यात तर साधा दगड होता."

"व्हय. आता देव हाय."

एवढं बोलून ती मेंढ्यांकडे वळली. मी मनातल्या मनात सगळं ताडलं. आज शेंदूर, उद्या पत्र्याची शेड, परवा दानपेटी. जागा बळकावायची ही रीत मी काय आज पाहत होते? म्हातारी दिसते तशी नाही, हे मी घरी जाऊन दोघा-तिघांना सांगितलंही.

पौषात तिचा कळप दुसरीकडे गेलेला बघून मी गोडेतेल, फडकी आणि बांबूची कामटी घेऊन गेले. थंडीनं बोटं आखडली होती. दोन तास खरवडल्यावर घोड्याचा पाय दिसला, संध्याकाळपर्यंत सगळा दगड मोकळा झाला. मला फार आनंद झाला. इतिहास वाचवला, असं खरोखर वाटलं.

चैत्रात गेले तेव्हा माळ सपाट झाला होता. लाल मातीवर जेसीबीच्या चाकांचे माग, कडेला पत्र्याचं कुंपण. वीरगळ नव्हता. कुंपणाबाहेर म्हातारी उभी होती, मेंढ्यांना आता तिथून वाट नव्हती.

"भरावात गेला," ती म्हणाली. "आमचा मानूस व्हता त्यो. गुरांपायी मेल्याला. जमीन इकली कळल्यावर शेंदूर लावला, म्हनलं शेंदराला मशीन लावाय कुनी धजत न्हाई. दोनदा मशीनवाला हात जोडून बाजूनं गेला. मग कुनीतरी पुसून काढला. पुसल्यावर दगडच की त्यो. मशीनवाल्यानं उचलला."

माझ्या नखांत तो शेंदूर चार दिवस राहिला होता. सांगावंसं वाटलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"तुमी तर येत व्हता हितं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "कोन दिसलं का? मला त्या जमीन इकनाऱ्या एजंटाचा संशय हाय."

"मलाही," मी म्हणाले.