खोटा अंगठा

वाशीत दातांचा दवाखाना उघडला तेव्हा आजूबाजूच्या निम्म्या इमारती रिकाम्या होत्या. पेशंट कमी येत आणि आलेले टिकत नसत. बँकेतले एक क्लार्क तर मी सुई भरेपर्यंत खुर्चीतून उठून चालते झाले, गळ्यातल्या नॅपकिनसकट. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने तो धुऊन, इस्त्री करून आणून दिला. दाताबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

बायको म्हणाली, पेशंटशी जरा गप्पा मारत जा. मला गप्पा जमत नाहीत. म्हणून मुंबईतल्या एका दुकानातून जादूचं सामान आणलं: एक लाल रेशमी रुमाल आणि अंगठ्यावर टोपीसारखा बसणारा, कातडीच्या रंगाचा पोकळ अंगठा. रुमाल मुठीत कोंबला की त्या पोकळीत जातो. मूठ उघडली की गायब. महिनाभर आरशासमोर सराव केला. बायकोला तो अंगठा शेवटपर्यंत दिसत होता, पण दात दुखणाऱ्या माणसाला दिसणार नाही, असं तिचं मत पडलं.

ते खरं निघालं. दोन वर्षं कुणालाच दिसला नाही. लोक सौजन्याने आश्चर्य दाखवायचे आणि मग खुर्ची पूर्वीइतकीच घट्ट धरायचे. काही जण माझं मनगट धरायचे.

मग करावे गावातून एक मासळीवाली आली. साठीची असेल. दाढ किडलेली, तीन रात्री झोप नाही. सुनेने जवळजवळ ओढूनच आणलं होतं. मी सुई हातात घेतली की ती तोंड मिटायची. शेवटी सुई ठेवली, रुमाल काढला, मुठीत कोंबला आणि मूठ उघडून दाखवली. तिने मुठीकडे पाहिलंच नाही.

"आंगठा खोटा हाय तुजा," ती म्हणाली आणि तो उपसून घेतला.

दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर चार पेशंट बसले होते. माझे कान तापले. ती सांगू लागली की टोपलीतली कोलंबी चाचपता चाचपता गुपचूप उचलणारी गिऱ्हाइकं ती जन्मभर बघत आली आहे; माणूस एक हात नाचवायला लागला की ती दुसरा बघते. मग अंगठा स्वतःच्या बोटावर चढवून म्हणाली, "दाखव, कसा करतस."

मी दाखवलं. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती रुमाल कोंबू लागली, पण टोक बाहेर राहायचं. मावशी, तोंड उघडा, म्हटलं तर हातांवरची नजर न काढता तिने उघडलं. सुईला एकदा डोळे मिटले, तेवढंच. जबडा बधिर झाल्यावर मी दाढ काढली, तेव्हा तिचा रुमाल पहिल्यांदाच पुरता गायब झाला होता आणि ती त्याच आनंदात होती.

अंगठा ती घेऊन गेली. मागायचा मला धीर झाला नाही.

मी सहा नवे आणले. त्यानंतर पेशंटला जादू दाखवली नाही, शिकवली. हात गुंतलेले असले की ते खुर्ची धरत नाहीत. ही युक्ती तुम्हाला कशी सुचली, असं लोक विचारायचे. मी नुसता हसायचो.

काही वर्षांनी सोसायटीच्या कार्यक्रमात एक जादूगार आला. त्याने रुमाल मुठीत कोंबला, तेव्हा पहिल्या तीन रांगांनी एकदम त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याला ते कळलं. मध्यंतरात मी चहा नेऊन दिला, तेव्हा त्याने विचारलं, इथे सगळे जादूगार राहतात का.

"नाही," मी म्हटलं. "माझे पेशंट आहेत."

त्याने चहा संपवला आणि दुसऱ्या भागात फक्त पत्त्यांचे खेळ केले.