मास्कचा जाहीर सत्कार

विनोदी लेखन ही एक साधना आहे. हे वाक्य मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एचआर मॅनेजरना ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. त्याच कॅन्टीनमध्ये माझं स्किट नुकतंच पडलं होतं, आणि अशा वेळी कुणीतरी काहीतरी बोलणं भाग असतं.

‘पडणं’ हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. लोक रागावले, उठून गेले, तर त्याला पडणं म्हणत नाहीत. लोक सभ्यपणे बसून राहिले, एकही हसला नाही आणि शेवटी टाळ्या वाजवल्या, तर ते पडणं. पहिल्या शिफ्टच्या लोकांनी माझ्यासाठी अशाच टाळ्या वाजवल्या होत्या.

“छान होतं मॅडम,” मॅनेजर म्हणाले. “विचार करायला लावणारं होतं.”

विनोदाला असं म्हणणं म्हणजे डॉक्टरांनी पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बोलावण्यासारखं आहे. पुढच्या आठवड्यात सेफ्टी वीकचा मुख्य कार्यक्रम होता आणि मुंबईहून डायरेक्टर येणार होते. स्किट सुधारलं नाही तर हेड ऑफिसचा व्हिडिओ दाखवू, असं मॅनेजरनी सुचवलं. तो इंग्रजीत होता. सबटायटल्सही इंग्रजीत होती.

मी शिरूरची. तोपर्यंत वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायचे. त्यामुळं मला विनोद लिहिता येतो असा माझा आणि त्या वर्तमानपत्राचा समज होता. स्किट म्हणजे छोटं नाटुकलं, ते मी पहिल्यांदाच लिहीत होते. त्यात यमराज होता. औद्योगिक महाराष्ट्रात यमराजाला सगळ्यात जास्त काम सेफ्टी वीकमध्ये असतं, हे मला माहीत नव्हतं. त्या कॅन्टीननं आधीच्या वर्षांत इतके यमराज पाहिले होते की माझा आला तेव्हा लोकांनी ओळखीचा पाहुणा दिसल्यावर डोलवावी तशी मान डोलावली.

निघताना सेफ्टी ऑफिसर शितोळे गेटपर्यंत सोडायला आले. तरुण, कमी बोलणारे गृहस्थ. वाटेत त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. ज्या भागात सॉल्व्हंटचे ड्रम उघडतात तिथं वाफ अडवणारा मास्क घालायचा असतो. प्रत्येकाच्या नावाची खुंटी आहे, तिच्यावर त्याचा मास्क. लोक तो घालत नाहीत. गरम होतं, बोलता येत नाही, आणि इतकी वर्षं काही झालं नाही, ही तीन कारणं. मागच्या महिन्यात एक जण ड्रमचं झाकण काढताना चक्कर येऊन खाली बसला. शेजारच्यानं ओढून बाहेर काढला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी त्या वाचलेल्या माणसाचा मास्क शितोळेंना खुंटीवरच दिसला.

“नोटिसा लावून झाल्या, मेमो देऊन झाले,” ते म्हणाले. “मॅडम, लोक हसले नाहीत तरी चालेल. मला मास्क खुंटीवरून खाली पाहिजेत. पुढचा माणूस ओढायला शेजारी कुणी असेलच असं नाही.”

यावर साधनेबद्दल काही बोलावंसं वाटलं नाही.

मी तिथून थेट दौंडला मामांकडे गेले. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. रेल्वेत गार्ड होते, आणि रेल्वे कॉलनीच्या गॅदरिंगसाठी आयुष्यभर विनोदी नाटिका लिहीत आले. त्यांनी माझं स्किट वाचलं आणि पेन्सिल मागितली. पहिलं पान पूर्ण गेलं. दुसऱ्या पानातली चार वाक्यं राहिली. माझ्या आवडत्या वाक्यांना ते अचूक गाठत होते. एका ठिकाणी मी हरकत घेतली की हा संदर्भ फार सुंदर आहे, जाणकाराला कळेल.

“अगं, सगळ्या प्रवाशांची वाट बघणारी गाडी आजवर सुटलेली नाही,” मामा म्हणाले. “शिट्टी दिली की निघायचं. फलाटावर राहिला तो राहिला.”

शेवटी स्किट एका पानाचं झालं. ते आता लांब नव्हतं. विनोदीही नव्हतं. मामांनी ते प्रामाणिकपणे मान्य केलं. आपल्याला छाटता येतं, पण जिथं मुळात हसू नाही तिथं आणता येत नाही, त्यासाठी निमोण्याला जावं लागेल, असं म्हणून त्यांनी पायात चपला सरकवल्या.

निमोण्याच्या आबांनी उभी हयात तमाशाच्या फडात काढली. सोंगाड्या, म्हणजे हसवणारा नट, हे त्यांचं काम. गवळणीत ते मावशी व्हायचे. गौळणींना मथुरेच्या बाजाराला घेऊन निघालेली, सगळ्यांना धाकात ठेवणारी ती म्हातारी पुरुषानंच करायची, असा रिवाज. आम्ही गेलो तेव्हा ते शेवंतीच्या वाफ्यात होते. आबांना नम्रतेचा त्रास नव्हता. मी ओळख करून द्यायच्या आत त्यांनी आपली ओळख करून दिली, आणि तिला बराच वेळ लागला.

मग त्यांनी स्किट वाचून दाखवायला सांगितलं. पहिल्या वाक्यालाच हात वर केला.

“यमाला काय पायजे?”

“माणसाचा जीव,” मी म्हणाले.

“मग घ्यावा आन् निघावं की. हितं भाषण कशापायी करतोय? रेडा ताटकळलाय त्याचा.”

मामा खोकल्यासारखे हसले. मी म्हणाले की यमाला लोकांना सेफ्टी शिकवायची आहे.

“ती तुम्हाला शिकवायचीय, ताई. त्याला न्हाई. सोंगाला स्वतःचं काय तरी पायजे असतं. लई पायजे असतं. तवा लोक हासत्यात.”

आणि त्यांनी पाण्याचा तांब्या डोक्यावर ठेवला, पदर घेतल्यासारखा हात केला आणि वाफ्याच्या बांधावरून चालायला लागले. मावशी बाजाराला निघाली होती. दही सांडू द्यायचं नव्हतं. वाटेत कुणीतरी अडवलं, त्याच्याशी भांडायचं होतं, पण मान हलवायची सोय नव्हती. सत्तरी ओलांडलेला माणूस फक्त डोळ्यांनी भांडत होता. मामा बांधावर बसले, मग जवळजवळ आडवे झाले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आबांनी या सगळ्या वेळात आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते फक्त दही सांभाळत होते.

तांब्या खाली ठेवून त्यांनी विचारलं, “गाव इचारलं का?”

ही फडाची पद्धत. फड दुपारी गावात पोचला की बाकीचे तंबू ठोकायचे आणि सोंगाड्या केस कापायच्या दुकानात किंवा चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. गावात काय चाललंय, लोक कशावर वैतागलेत, पहिल्या खुर्चीत कोण बसतं, हे काढून घ्यायचा. तेच बतावणीत यायचं. बतावणी म्हणजे तमाशातले गमतीचे सवालजवाब. त्यालाही नियम होता. खाली मातीत बसणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पहिल्या खुर्चीत बसणाऱ्याचं घ्यायचं, आणि ते सगळ्यांसमोर त्याची परवानगी मागून. गावापुढं कुठला पाटील नाही म्हणेल?

मी कंपनीचं गाव विचारलं नव्हतं. मग शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीसमोरच्या टपरीवर जाऊन बसले. यमराजवाल्या मॅडम म्हणून माझी ओळख पटली आणि सहानुभूतीपोटी लोक मोकळेपणानं बोलले. त्यांचा वैताग मास्कवर नव्हता, सत्कारांवर होता. सेफ्टी वीकला आधी पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांच्या हस्ते विभागप्रमुखांचा, मग विभागप्रमुखांच्या हस्ते राहिलेल्या पाहुण्यांचा. एका साहेबांच्या घरी इतक्या शाली जमल्यात की त्यांच्या सोफ्याला कव्हर शिवावं लागलं नाही. ही माहिती भानुदास या ऑपरेटरनं दिली. माझ्या स्किटमध्ये तोच यमराज होता.

मी त्याला मास्कबद्दल विचारलं.

“हाय की. खुंटीवर असतो,” भानुदास म्हणाला. “रोज हाजर. आमचा खाडा हुईल, त्याचा न्हाई.”

त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. त्या दिवशी घरी येऊन मी यमराजाला रजा दिली आणि मास्कचा सत्कार लिहिला.

नवीन पान आबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनच सूचना केल्या. सूत्रसंचालन करणाऱ्यानं एकदाही हसायचं नाही, त्याला मनापासून सत्कार नीट पार पाडायचा आहे. आणि शेवटच्या वाक्याआधी थांबायचं. किती थांबायचं, असं मी विचारलं. लोकांना वाटलं पाहिजे की हा विसरला, तेवढं.

एक अडचण उरली. शाल डायरेक्टरांच्या हस्ते घालायची होती. मॅनेजरना हे कळलं असतं तर हेड ऑफिसचा व्हिडिओ लागला असता. मी शितोळेंना पान दाखवलं. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, परत वाचलं. डायरेक्टर चिडले तर मी शिरूरला जाईन, पण शितोळेंना तिथंच राहायचं होतं. निदान नोकरी असेपर्यंत तरी.

“करू,” ते म्हणाले. “मेमोनं काही होत नाही, हे मला आलेल्या मेमोवरून माहीत आहे.”

कार्यक्रमाच्या दिवशी मामा आणि आबा पाहुणे म्हणून आले. गेटवर दोघांना हेल्मेट मिळालं. आबांनी ते फेट्याच्या तोऱ्यात घातलं आणि शेवटच्या रांगेत बसले. मग सत्कार सुरू झाले. ते अपेक्षेप्रमाणे लांबले. दीपप्रज्वलनाची वात दोनदा विझली. एका पाहुण्यांचा सत्कार राहून गेल्याचं लक्षात आलं, तो झाल्यावर त्यांचा आधीच झाला होता असं लक्षात आलं. मॅनेजर माझ्याजवळ येऊन कुजबुजले की स्किटला पाच-सात मिनिटंच मिळतील, जेवण तयार आहे. मामांच्या पेन्सिलीच्या धाकानं मी नवं स्किटही तेवढंच लिहिलं होतं.

विनोदाला सेटअप लागतो. सेटअप म्हणजे लोकांच्या मनात आधी एक सरळ रेघ ओढायची, मग ती मोडायची. मोडणाऱ्या वाक्याला पंच म्हणतात. माझ्या स्किटचा सेटअप कंपनीनं स्वखर्चानं, पाऊण तास राबून तयार करून दिला होता. समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला आणखी एक सत्कार नको होता.

भानुदास इस्त्रीच्या शर्टात माइकपुढं आला आणि म्हणाला की यानंतर आणखी एक सत्कार. सभागृहातून हुंकार उमटला. तो अजून हसण्याचा नव्हता.

“वर्षभर एकही रजा न घेता, ऊन असो, नाइट शिफ्ट असो, नेमून दिलेल्या जागेवर अखंड हजर राहिलेले. इतकी सेवा करूनही ज्यांच्या अंगावर आजवर एक ओरखडा नाही...”

मागून दोन ऑपरेटर ताटात लाल कापडावर ठेवलेला मास्क घेऊन आले. चालताना वयोवृद्धाला धरावं तसा दोघांनी ताटाला आधार दिला होता. पहिली खुसखुस ड्रम सेक्शनच्या रांगेतून आली. त्यांना मास्क ओळखू आला होता. मग भानुदासनं डायरेक्टर साहेबांना हात जोडून विनंती केली की आपल्या हस्ते शाल घालावी, साहेबांची परवानगी असेल तर.

खुसखुस थांबली. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. शितोळे जमिनीकडे पाहत होते. डायरेक्टर उठले. त्यांनी शाल घेतली, उलगडली आणि मास्कवर घातली. ती घसरली. मास्कला खांदे नसतात. त्यांनी पुन्हा घातली, पुन्हा घसरली. मग त्यांनी चष्मा वर केला, मास्कचा पट्टा शोधला आणि शालीचं टोक त्यात अडकवायला लागले. त्यांना ती शाल खरोखरच नीट बसवायची होती. लई पायजे होतं. सभागृह कोसळलं. ड्रम सेक्शन उभा राहून हसत होता.

शाल बसली. भानुदास अजून गंभीर होता.

“सत्कारमूर्तींना विनंती करतो की त्यांनी दोन शब्द बोलावेत.”

त्यानं माइक मास्कपुढं धरला. आणि थांबला. हसू ओसरलं. तरी तो थांबला. कुणाची तरी खुर्ची वाजली. भानुदास वाक्य विसरला, अशी माझी खात्री झाली.

“माफ करा,” तो हळूच म्हणाला. “त्यांना सवय नाही. त्यांना आजवर कुणी तोंडाजवळ येऊच दिलं नाही.”

यानंतर जे झालं त्याला आमच्या धंद्यात शब्द नाही, कारण ते फार क्वचित होतं. मागं चक्कर येऊन खाली बसलेला तो माणूस शितोळेंनी मला दाखवून ठेवला होता. तोही हसत होता, आणि हसता हसता थांबला. ते मी पाहिलं. डायरेक्टरांनी त्यांचं छापील भाषण घडी करून खिशात ठेवलं आणि शितोळेंना विचारलं की हा लोक का घालत नाहीत. शितोळे पहिल्यांदाच सलग बोलले. पट्टा काचतो, वजन जास्त आहे, उकाड्यात आत पाणी साचतं. हलके मास्क मागवायचं तिथल्या तिथं ठरलं.

पण मास्क खाली आले ते नवे यायच्या आधीच. ड्रम सेक्शनमध्ये कुणी उघड्या तोंडानं दिसला की बाकीचे अदबीनं विचारायला लागले, “पाहुणं, शाल मागवू का?” मेमो खिशात घालता येतो. याला काही करता येत नाही. पंधरवड्यानं शितोळेंनी मला फोटो पाठवला. त्यात माणसं नव्हती. नुसत्या खुंट्या होत्या, सगळ्या रिकाम्या.

आबांना मी कार्यक्रमाच्या दिवशीच विचारलं होतं, कसं झालं म्हणून. ते म्हणाले, थांबला तो थोडा कमी थांबला.

कंपनीनं माझ्या कामाची रीतसर दखल घेतली. पुढच्या सेफ्टी वीकला शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देऊन माझा सत्कार करण्यात आला. सत्कार लांबल्यामुळं स्किट रद्द झालं.