अक्काची रानातली प्रदक्षिणा

अक्का पडली ती रांगोळी घालून उठताना, बंगळूरच्या राजाजीनगरातल्या स्वतःच्या घराच्या पायरीवर. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून ती त्या घरात एकटी राहते, आणि मी दोन गल्ल्या सोडून. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, आता जेवढं चालाल तेवढं चांगलं." अक्का 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली, घरी आली, आणि जी खुर्चीत बसली ती उठायचं नाव घेईना.

दुखत होतं, नाही असं नाही. पण खरी अडचण होती काठीची. "काठी टेकत गल्लीतून जाऊ? समोरची काय म्हणेल?" समोरची काय म्हणणार कपाळ! तिच्या स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागलीय. पण अक्काला कोण सांगणार? जन्मभर तरातरा चाललेली बाई ती. बाजारात ती पुढे आणि आम्ही सगळे पिशव्या घेऊन मागे, धापा टाकत. तिला हळू चालताना कुणी बघावं, हेच तिला सोसत नव्हतं.

तिची एकुलती एक लेक इंग्लंडात असते. रोज फोन करते, जीव टाकते आईवर. पण तिनं एक दिवस ठरवूनच टाकलं, की घर बंद करायचं आणि आईला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला ठेवायचं. तिकडं म्हणे वयस्कर माणसांसाठी बांधलेले फ्लॅट आहेत, नर्स आहे, बटण दाबलं की माणूस हजर. "आई, तुला चालताच येत नाही, मग एकटी कशी राहशील?"  अक्का नुसती खिडकीतून तुळशीकडे बघत बसली. मला असा संताप आला म्हणता! राजाजीनगर कुठं, व्हाइटफील्ड कुठं! पन्नास वर्षांचा शेजार सोडून ही बाई तिथं बटणाशी बोलणार का?

मी शाळेत गणित शिकवलंय, हट्टी पोरं सरळ करायची मला सवय आहे. आमच्या कोपऱ्यावर अश्वत्थकट्टा आहे. पिंपळ आणि कडुनिंब एकमेकांत वाढलेले, भोवती उंच दगडी चौथरा, त्यावर नागाच्या शिळा. मी अक्काला म्हटलं, "फिरायला लाज वाटते ना? फिरू नकोस. प्रदक्षिणा घाल. प्रदक्षिणा हळूच घालायची असते. जितकी हळू तितकी बाई भक्तिवान."

अक्कानं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. लबाडी तिच्या लक्षात आली होती. मग म्हणाली, "पातळ बदलून येते. थांब स्वल्प."

तिथून सुरुवात झाली. रोज सकाळी कट्ट्याभोवती एक हात दगडावर, दुसऱ्या हातात काठी, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं. फुलवाली ओरडायची, "अक्का, निधान, निधान!" म्हणजे सावकाश. पायाचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तो कट्टा पाहिला आणि म्हणाल्या, याच्या उंच पायरीवर चढउतार करा. नियम एकच, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. अक्का तो मंत्रासारखा म्हणायची. गल्लीतल्या बायकांना वाटलं, तिला कुणीतरी गुरू भेटला. आम्ही तसंच वाटू दिलं.

लेकीला मात्र पटेना. फोनवर चालून दाखवलं तर म्हणाली, "आई, हॉलमध्ये चार पावलं टाकलीस, त्यात काय?" तिच्या गावामागं एक फार जुनं रान आहे. दर वसंतात ती तिथल्या एका ओकच्या झाडाचे फोटो पाठवते, खाली निळ्या फुलांचा सडा. त्या दिवशी बोलता बोलता ती म्हणून गेली, "तुला दाखवायचं होतं ग ते झाड. पण आता कुठलं जमायला!"

बस्स. अक्का पेटली. "तुझ्या त्या झाडापर्यंत माझ्या पायानं गेले आणि माझ्या पायानं परत आले, तर मी राजाजीनगर सोडणार नाही. नाही जमलं, तर तू म्हणशील तिथं जाऊन राहीन. बोल!" लेक हसली आणि म्हणाली, "सरी, आई." मावशी म्हणून मी साक्षीला होतेच.

वसंतात आम्ही दोघी इंग्लंडला निघालो. आता खरं तर सगळं नीट व्हायचं, पण मी घोळ घातला. आपली वयस्कर माणसं परदेशी निघाली की तिकिटाबरोबर विमानतळावरची व्हीलचेअर सांगतातच, चालता येवो न येवो. रांगा चुकतात, इंग्रजी बोलावं लागत नाही, सामानासकट माणूस दारापर्यंत पोचतो. मीही दोघींसाठी सांगून टाकली. अक्का तर खूश! "फुकटची मिरवणूक आहे, नाही कशाला म्हणायचं?" बंगळूरपासून पार तिकडच्या दरवाज्यापर्यंत आम्ही दोघी राणीसारख्या बसून गेलो. आणि बाहेर लेक उभी. तिनं खुर्चीत बसलेली आई पाहिली आणि तिचा चेहराच पडला. मी सांगतेय, "अगं, ही उगाच घेतली," पण ऐकतंय कोण! दुसऱ्याच दिवशी तिनं भाड्यानं एक व्हीलचेअर आणून घरात ठेवली.

रानात जायच्या दिवशी ती खुर्ची गाडीत चढली. अक्का बघत होती. तिनं ओठ असे घट्ट मिटले की मला कळलं, आज काही खरं नाही. नऊवारी नाही, साधं सुती पातळ, वर लेकीचा जाड कोट, पायात नवे बूट, हातात काठी. पिशवीत चित्रान्न, म्हणजे आमचा लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आणि हळदीकुंकवाची पुडी.

गाडी शेताच्या कडेला थांबली. तिथून पायवाट, पलीकडे रान. लेक रिकामी खुर्ची ढकलत मागून येत होती आणि दर दहा पावलांना विचारत होती, "आई, बसतेस?" अक्का काठी टेकत पुढंच. आणि मग आलं ते कुंपण. त्या लोकांची गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून तिथं फाटक नसतं. कुंपणाला आडव्या दोन फळ्या ठोकलेल्या असतात. एकीवर चढायचं, कुंपणावरून पाय टाकायचा, पलीकडे उतरायचं. खुर्ची तर जाणं शक्यच नव्हतं. 

लेकीनं खुर्ची थांबवली. "मला आठवलंच नाही ग हे. बरं, इथूनच बघू या. झाडांचे शेंडे दिसतायत."

"शेंडे बघायला मी विमानानं आले?" अक्का म्हणाली. मग ती त्या फळीकडे बघत राहिली. फळीची उंची डोळ्यानं मापली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अगं, आपल्या कट्ट्याच्या पायरीएवढीच आहे."

खरंच तेवढीच होती! मी काठी धरली. तिनं खांबाला हात घातला, चांगला पाय वर, मग दुखरा. पातळ गुडघ्यापर्यंत सावरून पाय पलीकडे टाकला. आता दुखरा आधी खाली. "निधान, निधान," मी ओरडत होते. पाय टेकला. दुसरा टेकला. अक्कानं पदर सारखा केला आणि लेकीला म्हणाली, "खुर्ची राहू दे तिथंच. शेंडे तिला बघू दे."

रान म्हणून मी काय काय कल्पना केली होती! इथं ना माकड, ना साप, ना कुणी टाकलेली बाटली. पण उजेड असा हिरवा, की बोलताना आवाज आपोआप खाली आला. पुढे गेलो तर अक्का थांबून वास घ्यायला लागली. "अय्यो, इथं साराला फोडणी कोण देतंय?" खरोखर लसणाचा वास येत होता! लेक हसत सुटली. खाली पांढरी फुलं होती ती रानलसणाची, पाऊल पडलं की वास सुटतो. अक्कानं एक पान तोंडात टाकून पाहिलं आणि मान डोलावली. त्यापलीकडे ती निळी फुलं, नजर जाईल तिथपर्यंत, जमीन म्हणून दिसत नव्हती. फोटोत यातलं काही येत नाही हो! मी पदर डोळ्याला लावला.

आणि मग ते झाड. बुंधा केवढा, तर आम्ही तिघींनी हात धरले असते तरी कवेत आला नसता. आतून पोकळ. खालच्या दोन जाड फांद्यांना जमिनीतून लाकडी टेकू दिलेले. लेक सांगत होती, की जुन्यातल्या जुन्या नकाशातही हे रान आहे, इथली जमीन कधी नांगरलेली नाही, आणि रानातलं सगळ्यात जुनं झाड ते हेच.

अक्का टेकूंकडे बघत होती. मग तिनं आपली काठी उचलून त्यांच्याकडे दाखवली. "हे बघ. हा पण काठ्या टेकून उभा आहे. आणि लोक लाजायचं सोडून याचे फोटो काढतायत." आणि लेकीकडे वळली. "एवढा म्हातारा झाला, आतून पोकळ झाला. तरी याला कुणी व्हाइटफील्डला नेलं नाही?"

 मला हसू आवरेना.

झाडाभोवती माणसांच्या पायांनी मळलेली वाट होती. अक्का प्रदक्षिणेला लागली. एक हात सालीवर, एक हात काठीवर, अगदी आमच्या कोपऱ्यावरच्यासारखी. मी मागं. पहिला फेरा झाला तेव्हा लेक बाजूला उभी होती. दुसऱ्याला ती गुपचूप माझ्या मागं येऊन चालायला लागली. एरवी तिची पावलं केवढी भराभर, आईवरच गेलीय. पण त्या फेऱ्याला ती आईच्या चालीनं चालली. अक्कानं शेवटी हळदीकुंकवाची पुडी काढली, तर लेक कळवळून म्हणाली, "आई, झाडाला नको ग लावू. इथं चालत नाही." अक्का म्हणाली, "सरी." आणि ते कुंकू लेकीच्या कपाळाला लावलं.  आम्ही झाडाखाली बसून चित्रान्न खाल्लं.

पण बोली परत यायचीही होती. परतताना अक्का दमली. कुंपणापाशी आलो तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि दुखरा पाय थरथरत होता, मला दिसत होतं. पलीकडे ती खुर्ची वाट बघत उभी. लेक आधी उडी मारून पलीकडे गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. "ये आई, मी उचलून घेते. आलीस ना झाडापर्यंत? पुष्कळ झालं. मी मानलं."

अक्का फळीवर चढली. चांगला पाय, मग दुखरा. पाय पलीकडे टाकला आणि तिथंच, कुंपणावर, अडकल्यासारखी थांबली. खांब धरलेली बोटं पांढरी पडली.  इतक्यात एक म्हातारे साहेब कुत्रा घेऊन वाटेनं आले. बघितलं, आणि लांबच उभे राहिले. त्यांचं कुत्रंही खाली बसलं. तिथं सगळ्यांनाच वेळ होता, फक्त आमच्या लेकीला नव्हता.

"बाजूला हो," अक्का म्हणाली.

"आई, पडशील!"

"पडले तर पडले. तू बाजूला हो. मला पाय ठेवायला जागा दे."

लेकीचे हात तसेच पसरलेले. मी अलीकडून ओरडले, शाळेतला आवाज काढून, "हो म्हणतेय ना ती बाजूला!" आणि ती झाली. एक पाऊल मागं सरकली, हात छातीशी घट्ट धरले. अक्कानं डोळे मिटले, ओठ हलले. काय पुटपुटली ते मला इथून कळलं. उतरताना दुखरा आधी. दुखरा पाय खाली आला, फळी चाचपली, टेकला. मग चांगला. मग जमीन.

मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की ते कुत्रं भुंकलं. साहेबांनी टोपी काढली. जिंकली! माझी अक्का जिंकली! मी अलीकडेच उभी राहून रडत होते आणि हसत होते.

लेक खाली बसली होती, आईच्या बुटांपाशी.  मग उठली, खुर्चीची घडी घातली आणि काखेत मारली. गाडीपर्यंत अक्का पुढं, ती मागं. दार उघडताना नाक पुसत म्हणाली, "आई, राजाजीनगरच्या बाथरूमला धरायला एक दांडा बसवून घेऊ. आणि पायरीला पण. व्हाइटफील्डला मी नाही म्हणून कळवते."

"दोन बसव," अक्का म्हणाली. "तू म्हातारी होऊन येशील तेव्हा तुला लागेल."

परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी माझ्या दाराबाहेर काठीचा आवाज आला. टक, टक. दोन गल्ल्या ओलांडून, समोरचीच्या दारावरून, भर उजेडात अक्का एकटी आली होती, हातात बाजाराची पिशवी. "अजून चहाच पितेस? चल लवकर, भाजी संपेल." मी चपला शोधेपर्यंत ती कोपऱ्यावरचा कट्टा ओलांडूनही गेली. मी तिच्या मागे, पिशवी सांभाळत, धापा टाकत.