अप्पांची यॉट आणि सांगायचं राहिलेलं एक वाक्य

मागच्या महिन्यात वडिलांना समुद्रात नेऊन आणलं. फोटो का टाकले नाहीत म्हणून बरेच जण विचारतायत... तर लिहितोच एकदाचं.

अप्पांचं आयुष्य नागापूर एमआयडीसीत फिटर म्हणून गेलं. दर डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे, तेवढाच काय तो समुद्र, तोही काठावरून. केडगावला घरी परत आले की ओट्यावर बसून म्हणायचे, "लांब आत गेल्यावर कसं दिसत असंल रं?"

उन्हाळ्यात त्यांना कॅन्सर निघाला. फार वेळ नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. अप्पांना आम्ही सांगितलं अल्सर आहे. मी गच्चीवर जाऊन रडून यायचो आणि आई खाली त्यांच्याशी हसत पत्ते खेळत बसलेली असायची... तिचं काळीज कसलं होतं देव जाणे.

म्हणून ठरवलं, एकदा आत नेऊच. पण आमच्या अख्ख्या गोतावळ्यात बोटीतलं कुणाला काडीचं कळत नाही. ओळखीतून मुंबईच्या एक ब्रोकर मॅडम मिळाल्या. गोव्यातली यॉट, कॅप्टन, स्वयंपाकी, सगळं त्याच जमवणार होत्या.

बाई कामाच्या. सोयरीक जमवतानाही कुणी एवढी चौकशी करत नाही... पोहता कुणाला येतं, तिखट किती लागतं, आजार काय आहेत. समुद्रात काही झालं तर, या धास्तीनं मी सगळं खरं सांगितलं.

फक्त अप्पांना हे माहीत नाही, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, ते सांगावं लागतं हेच डोक्यात आलं नाही. आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं? आमचा मेडिकलवालासुद्धा अप्पा सोबत असले की आजाराचं नाव काढत नाही. पाहुणे भेटायला येतात आणि पावसापाण्याचं बोलून जातात.

आईलाही सोबत घेतलं. बोटीवर चढल्या चढल्या अप्पा इंजिन दाखवा म्हणून कॅप्टनच्या मागे लागले. कॅप्टन भला माणूस. म्हणाला, "अंकल, पहले आराम करो. मॅडमने बताया आपको कॅन्सर है, इसलिए आपको ऊपरवाला रूम दिया है."

मी बॅगा घेऊन मागेच उभा होतो. अप्पांनी त्याला थँक्यू म्हटलं, खोली बघून आले. जेवले, सुरमई चांगली झालीय असं स्वयंपाक्याला सांगितलं... किनारा दिसेनासा झाला तेव्हा मला जवळ बोलावलं.

"तुझ्या आईला म्हाईत हाय?"

मी हो म्हणून मान हलवली. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. पहिल्या दिवसापासून, मी म्हणालो.

अप्पा पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हंजी घरात मी एकटाच खरं हसत हुतो."

मेलो मी तिथं. ते एकटे पडू नयेत म्हणून तर हे सगळं केलं होतं... आणि इतके महिने त्यांना एकटं आम्हीच पाडलं होतं. मरण कळल्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं.

संध्याकाळी आई त्यांच्याशेजारी येऊन बसली. अप्पा तिला एवढंच म्हणाले, "आता तू रडलीस तरी चालंल." आई जी रडायला लागली, ती अंधार पडेपर्यंत थांबली नाही.

नंतर ब्रोकर मॅडमचा फोन आला, ट्रिप कशी झाली म्हणून. छान झाली म्हणालो. त्यांचा काय दोष? कॅप्टनचा तरी काय?

अप्पा आता अंथरुणावरच असतात. आशा वगैरे काही उरलेली नाही, खोटं कशाला सांगू. आई उशाशी बसून डोळे पुसते आणि ते तिचा हात धरून असतात. पत्ते कपाटात गेलेत. त्या कॅप्टनचे उपकार मानायचे की त्याला शिव्या द्यायच्या, मला अजून ठरवता येत नाही... पण आईला विचारलं तर ती म्हणते, उपकार मान.