समाधीपाशी ‘चला’ म्हणायचं नसतं

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची टर उडवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. बार्शीत माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. लोखंड, वजन आणि उतार, एवढ्यावरच माझा भरवसा. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण बायको म्हणाली, लिहा एकदाचं.

आम्ही गोसावी. आमच्यात दहन करत नाहीत. गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, मीठ-बेल घालून समाधी देतात. माझे पणजोबा आंबा घाटाच्या माथ्यावर ‘बसलेत’ आणि आजोबा रत्नागिरीजवळ, आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. तिथल्या एका देवळाची पूजा त्यांच्याकडे होती. ते गेले तेव्हा माझे बाबा पाळण्यात होते. आजी त्यांना घेऊन माहेरी बार्शीला आली, ती परत गेलीच नाही. बाबांनी वडिलांना पाहिलेलं नाही, साधा फोटोही नाही. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी एकच धोशा लावला – “मला एकदा त्यांच्यापुढे बसायचंय.”

बाबा व्हीलचेअरवर असतात. ती खुर्ची, खाट, गॅस, पाण्याचे कॅन... एवढं जीपमध्ये कुठलं मावतंय? म्हणून मी मागे जोडायला एक छोटा ट्रेलर बनवला आणि बाबा, बायको आणि मी असे तिघं निघालो.

आंब्याला पणजोबांचं दर्शन छान झालं. ऊन चढायला लागलं होतं, म्हणून मी टाळ्या वाजवत म्हणालो, “चला चला, बसा गाडीत!”

बाबा भडकलेच. “अरे गाढवा, समाधीपाशी ‘चला’ म्हणतात का? ‘येतो’ म्हणायचं! चला म्हटलं की बसलेला माणूस उठून मागे येतो.”

“येऊ देत की. ट्रेलर निम्मा रिकामाच आहे.”

बायकोने मला चिमटा काढला.

घाट उतरायला लागलो आणि ट्रेलर मागून रेटायला लागला. सकाळपासून मागे आहे की नाही तेही कळत नव्हतं, आणि आता ब्रेकवर उभं राहावं लागत होतं. खाली उतरल्यावर थांबून पाहिलं. टायर ठीक, पण स्प्रिंगचे पाटे दबलेले. मी स्वतः बसवलेले पाटे, किती वजनाला किती दबतात मला पाठ आहे. “सामान सरकलंय,” असं बायकोला सांगितलं. सामान जागचं हललेलं नव्हतं.

पालीला चहाला थांबलो. बाबा म्हणाले, “एक चहा जास्त सांग.” मी सांगितला. कोणासाठी ते विचारलं नाही.

सड्यावरच्या वाडीत एक आजी भेटल्या. “समाधी हती खरी इथंच कुठंतरी. पन म्हायती असलेली मानसां गेली ओ. आता करवंदीचं रान माजलंय सगलं.”

आम्ही दोघांनी दुपारभर रान तुडवलं. हात सोलवटले, समाधी काही दिसेना. परत येऊन बाबांना म्हटलं, “नाही सापडत.” त्यांनी नुसती मान हलवली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

वाट अरुंद होती, ट्रेलरसकट जीप वळेना. मी ट्रेलर सोडला, पुढचं टेकूचं चाक खाली केलं आणि तो घसरू नये म्हणून चाकांना उताराच्या बाजूने दगडांची उटी लावली. चढाच्या बाजूने कोण लावतो? जीप वळवतोय तेवढ्यात बायको किंचाळली, “अहो!”

ट्रेलर चढ चढत होता... हळूहळू, म्हातारं माणूस चालतं तसा. वाट सोडून करवंदीच्या जाळीत शिरला आणि थांबला. माझे दगड जागच्या जागीच होते.

धावत जाऊन मी फांद्या ओढल्या. आत जांभ्याचा चौथरा, त्यावर छोटी पिंड. ट्रेलर त्याच्या जरा अलीकडे थांबलेला. मी कॅन उचलला आणि वाटेवर पाणी ओतलं. पाणी सरळ खाली, जीपकडे धावलं. म्हणजे चढ तो चढच होता! वारा तर नावाला नव्हता.

बाबांना पिंडीसमोर नेलं. त्यांनी हात जोडले आणि ट्रेलरकडे बघून म्हणाले, “आजोबा, पोचवलंत.” त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा. मग ते बराच वेळ वडिलांपुढे बसले. काय बोलत होते ते आम्ही ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच. पण मला रडू आलं, ते लपवत नाही.

निघताना मी शहाण्यासारखा वाकून म्हणालो, “येतो.” मागून बाबांचा खणखणीत आवाज आला – “चला!”

मी बघतच राहिलो.

“बघतोस काय? एकदा तरी वडिलांबरोबर गाडीतून जाऊ दे मला.”

परतीला आंबा घाटात जीप पहिल्या गिअरखेरीज चढेना. बाबा मात्र गाणी म्हणत होते. त्यांचा गाता आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

दोस्त म्हणतात, नजरेचा भास असेल, जमिनीत चुंबक असेल. असेलही. ट्रेलर दारातच उभा आहे. विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं, बाबांनी हाकललं. संध्याकाळी ते खुर्ची ट्रेलरशेजारी लावून घेतात, आणि बायको न सांगता दोन कप चहा जास्त नेते. ते कप तसेच भरलेले परत येतात, थंडगार. पण सामान केव्हाच उतरवलंय, ट्रेलर रिकामा आहे... आणि पाटे अजून दबलेलेच आहेत.